पूर्णेच्या खोऱ्यात : एका काळ्या मातीची ओळख

वऱ्हाडातल्या पूर्णा खोऱ्याची जमीन काळी आणि भारी आहे, हे सांगायला मृदाशास्त्र शिकावे लागत नाही. सातपुड्याच्या गाविलगड रांगेपासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत पसरलेला हा सपाट प्रदेश लहान प्रमाणावरच्या नकाशांत बहुतेक वेळा एकाच गडद रंगात दिसतो. मात्र या पट्ट्याच्या उत्तरेला केळी आणि संत्री पिकतात, आणि तिथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर, तितक्याच काळ्या दिसणाऱ्या शेतात, पावसाचे पाणी आठवडाभर मुरत नाही आणि विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. हा खारपाणपट्टा आहे. त्याच्या मातीचा प्रकार नेमका कोणता, तो कुठून सुरू होतो आणि त्याच्या खुणा कोणत्या, हे पाहण्यासाठी आम्ही तिघांनी एप्रिलच्या शेवटी डोंगरमाथ्यापासून नदीपर्यंत एक आडवा छेद घेत जायचे ठरवले.

भर उन्हाळ्याची वेळ मुद्दाम निवडली होती, कारण या मातीच्या भेगा तेव्हाच पूर्ण उघडलेल्या असतात. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे होते, उंचीची उपग्रहीय आकडेवारी होती, हवामान खात्याची पावसाची मालिका होती आणि नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने १:२,५०,००० प्रमाणावर केलेल्या मृदा नकाशाची प्रत होती. हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये माती घडवणारे पाच घटक सूत्रात मांडले : हवामान, जीवसृष्टी, भूरूप, मूळ खडक आणि काळ. पूर्णा खोऱ्याचे वैशिष्ट्य असे की इथे मूळ खडक सगळीकडे एकच, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसाल्ट, किंवा त्याच्याच झिजेतून आलेला गाळ आहे. त्यामुळे मातीत जो फरक दिसेल, त्याचे उत्तर मुख्यतः भूरूपात आणि पावसात शोधावे लागते. निसर्गाने एवढा स्वच्छ मांडलेला प्रयोग फार ठिकाणी पाहायला मिळत नाही, असे मला वाटते.

पहिला दिवस : चिखलदरा ते परतवाडा

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटरवर आहे आणि तिथे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून हवाई अंतराने पन्नास-साठ किलोमीटरवर असलेले पूर्णेचे पात्र अडीचशे-पावणेतीनशे मीटरवर आहे, आणि तिथला पाऊस जवळजवळ निम्मा होतो. इतक्या थोड्या अंतरात उंची आणि पाऊस या दोन्ही गोष्टी इतक्या बदलत असल्यामुळे पहिला दिवस आम्ही खोदकामात घालवला नाही. घाटाच्या वळणांवर रस्त्यासाठी कापलेल्या कडाच उभे छेद म्हणून वाचत उतरलो.

माथ्याजवळच्या छेदात वीतभर तांबूस तपकिरी माती होती आणि तिच्याखाली लगेच मुरूम. मुरमात बेसाल्टचे गोल गोटे पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटत होते. खडक बाहेरून आत कसा कुजत जातो, ते त्या पापुद्र्यांच्या रंगावरून दिसते : बाहेरचा थर पिवळसर आणि हाताने चुरडणारा, मधला करडा, आणि गाभा अजून निळसर काळा व हातोडीला टणक. या कुजण्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि सिलिका सुटतात. उतारावर जोराचा पाऊस पडत असल्यामुळे ही द्रव्ये पाण्यात विरघळून खाली जातात आणि तयार झालेली बारीक चिकणही वाहून जाते. डोंगराची माती पातळ राहते ती याच कारणाने, आणि डोंगराने गमावलेले सगळे कुठेतरी साठलेच पाहिजे.

पूर्व आफ्रिकेत काम करताना जेफ्री मिल्न यांनी १९३५ मध्ये दाखवले की माथ्यापासून दरीपर्यंतच्या माती साखळीच्या कड्यांसारख्या एकमेकींशी बांधलेल्या असतात आणि एक वगळून दुसरी समजत नाही. आमच्या कामाचा आधार हाच विचार होता. पूर्णाकाठची माती समजून घ्यायची, तर तिच्यात आलेला गाळ जिथून सुटला ते ठिकाण आधी पाहिले पाहिजे. संध्याकाळी परतवाड्यात पोहोचेपर्यंत नकाशावर माथा, कडा, तीव्र उतार आणि पायथा असे चार पट्टे आखून झाले होते.

दुसरा दिवस : पायथ्याचा पट्टा

परतवाड्याहून अंजनगाव सुर्जीमार्गे अकोटपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला धरून जाणारा हा पट्टा म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी टाकलेल्या दगडगोट्यांचे पंखे आहेत. डोंगरात वेगाने धावणारी नदी सपाटीवर आली की तिचा वेग मोडतो, आणि ती जड माल आधी टाकते, हलका पुढे नेते. त्यामुळे इथल्या विहिरींच्या भिंतींत गोटे, वाळू आणि चिकणमाती यांचे आलटून पालटून थर दिसतात. मातीचा नमुना काढायचे गिरमीट लावले तर बऱ्याच ठिकाणी हात-दीड हातावर ते दगडात अडते.

संत्र्याच्या बागा, अकोटकडची केळी आणि अंजनगावचे पानमळे याच पट्ट्यात का आहेत, याचे उत्तर त्या थरांत आहे. जमीन काळी असली तरी खाली निचरा आहे, पाणी गोड आहे आणि झाडाच्या मुळांना हवा मिळते. डोंगरावरून येणारे पाणी इथेच भूगर्भात शिरते. हे गोड पाणी आता फार खोलवरून उपसावे लागते, असे वाटेत भेटलेल्या प्रत्येक बागायतदाराने सांगितले.

या दिवशीची नोंद थोडकी आहे, पण एक गोष्ट महत्त्वाची होती. आम्ही प्रत्येक थांब्यावर मुठीत माती ओली करून अंगठ्याने तिची पट्टी काढत होतो. पायथ्याशी ही पट्टी दोन-तीन सेंटिमीटरवर तुटत होती. दक्षिणेकडे सरकत गेलो तशी ती लांबत गेली आणि अकोटच्या खाली पाच सेंटिमीटर ओलांडूनही तुटेना. पट्टी एवढी टिकली की ती चिकणमाती समजावी, हा सर्वेक्षणातला जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. नदीने माल चाळत आणला आणि सर्वांत बारीक अंश शेवटी टाकला, हे एका अंगठ्याने दिवसभरात कळले.

तिसरा दिवस : पहिला खड्डा

अकोटच्या दक्षिणेला भूमी इतकी सपाट होते की समोच्च रेषा नकाशावर एकमेकींपासून फार दूर जातात, आणि त्यांवरून उतार काढला तर तो एक टक्क्याच्याही खाली येतो. इथे हरभरा काढलेल्या एका वावरात आम्हाला खड्डा घेण्याची परवानगी मिळाली. वावर नांगरलेले नव्हते, म्हणून भेगा जशाच्या तशा होत्या. पृष्ठभागावर त्यांनी बहुकोनी आकृत्या केल्या होत्या आणि मोठ्या भेगांत बोटे सहज जात होती. एका भेगेत सोडलेली तार मीटरभर खाली जाऊनच टेकली.

खड्डा दीड मीटर खोल घेतला आणि सूर्यप्रकाश जिच्यावर सरळ पडेल अशी भिंत वाचनासाठी राखली. त्या भिंतीवर फावड्याचा घाव लागू दिला नाही. सुरीच्या टोकाने ती खरवडत, ढेकळे त्यांच्या नैसर्गिक सांध्यांवर सुटतील तशी सुटू दिली. फावड्याने गुळगुळीत झालेली भिंत काहीच सांगत नाही.

वरचा पंधरा-वीस सेंटिमीटरचा थर वखरणीने मोकळा झालेला आणि दाणेदार होता. ओल्या मातीचा रंग, मातीचे रंग जुळवून पाहण्याच्या मन्सेल तक्त्यावर, १० वायआर ३/२ आणि खाली ३/१ असा, म्हणजे फार गडद करडा तपकिरी ते फार गडद करडा, मिळाला. एवढ्या काळ्या रंगामुळे या मातीत सेंद्रिय द्रव्य भरपूर असावे असा समज होतो. प्रत्यक्षात सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा एक टक्क्याच्याही खाली असतो. थोडेसे सेंद्रिय द्रव्य चिकणकणांना घट्ट चिकटून त्यांना काळे करते, एवढेच.

त्याखालचा थर कोनदार ढेकळांचा होता, आणि साधारण अर्ध्या मीटरच्या खाली ती गोष्ट दिसली जिच्यासाठी खड्डा घेतला होता. सुरी आत घालून हलकेच उचकटली, तेव्हा पाचरीच्या आकाराचे एक ढेकूळ निखळले आणि मागे राहिलेला पृष्ठभाग उन्हात चकाकला. तो तिरपा होता. क्षितिजाशी त्याचा कोन पट्टीने मोजला तर चाळीस अंशांच्या आसपास भरला. त्यावर एका दिशेने ओढल्यासारख्या बारीक समांतर रेघा होत्या. हा घसरपृष्ठ होय. या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकण प्रधान असते. ती पाणी घेते तेव्हा फुगते. वर फुगायला मोकळी जागा असते, पण अर्ध्या-एक मीटर खोलीवर बाजूंनी माती दाबून धरलेली असते आणि वरून भार असतो. दाब मातीच्या ताकदीपलीकडे गेला की ती तिरप्या पातळीवर कातरली जाते आणि एक भाग दुसऱ्यावरून सरकतो. दरवर्षी हेच घडत राहिल्याने त्या पातळ्या घोटल्या जाऊन चकचकीत होतात.

अमेरिकी कृषी खात्याने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि भारतातही वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरणपद्धतीत व्हर्टिसॉल या गणात माती बसवण्यासाठी तीन गोष्टी लागतात : पृष्ठभागापासून पन्नास सेंटिमीटरपर्यंत किमान ३० टक्के चिकण, ठराविक काळाने उघडणाऱ्या व मिटणाऱ्या भेगा, आणि एक मीटरच्या आत किमान २५ सेंटिमीटर जाडीचा असा थर, ज्यात घसरपृष्ठे किंवा क्षितिजाशी १० ते ६० अंशांनी कललेली पाचरीसारखी ढेकळे आहेत. भेगा आणि घसरपृष्ठे डोळ्यांसमोर होती. चिकणीचे प्रमाण प्रयोगशाळा ठरवेल. पण या खोऱ्यात ते साधारणपणे पन्नास टक्क्यांच्या वर असल्याचे सर्वश्रुत असल्याने तिथेही शंका नव्हती.

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब वरच्या थरावर टाकले तेव्हा किंचित फेस आला, आणि खालच्या थरात तो वाढला. चुनखडीचे खडे दोन प्रकारचे दिसले. काही टणक, गोटीसारखे, वर लोह-मँगनीजची काळसर पुटे चढलेले. ते बहुधा गाळाबरोबर इतरत्रून आलेले किंवा पूर्वीच्या हवामानात बनलेले असतात. दुसरे मऊ, पांढरट, कडा मातीत विरून गेलेल्या. ते इथेच, याच मातीत, आजच्या कोरड्या हवामानात तयार होत असलेले. पहिल्या प्रकारातून इथल्या आजच्या हवामानाबद्दल काही कळत नाही, दुसऱ्यातून कळते. या खड्ड्यात मऊ चुना थोडाच आणि बराच खाली होता. त्याचे महत्त्व पुढच्या दिवशी उमगले.

चौथा दिवस : पूर्णाकाठ

सकाळी पूर्णेच्या दिशेने निघालो. वाटेत बदललेली एकच गोष्ट नजरेत भरली : विहिरी जवळजवळ दिसेनाशा झाल्या आणि शेततळी दिसू लागली. गावांना धरणांवरून नळाने पाणी येते. माती मात्र तशीच काळी, तशीच सपाट, तशीच भेगाळलेली.

नदीपासून थोड्या अंतरावर ज्यांच्या शेतात दुसरा खड्डा घेतला, त्या काकांनी आम्ही फावडे मारण्याआधीच मातीचे वर्णन सांगून टाकले. "पाऊस पडला की पाणी वरच रायते, खाली मुरतच नाही. अन् गढूळ ते कायचं, पार मळकं. वाळलं की वर कवच धरते, मग बी फुटत नाही." या तीन वाक्यांत मातीचा मुख्य दोष, त्याची खूण आणि त्याचा परिणाम आला होता, पुढचा सगळा दिवस आम्ही त्यांचेच म्हणणे मोजत होतो, असे म्हटले तरी चालेल.

खड्ड्यात वरचा थर आदल्या दिवशीच्या मातीपासून वेगळा ओळखता आला नसता. फरक तीस-चाळीस सेंटिमीटरखाली सुरू झाला. ढेकळे उभट आणि फार कठीण होती. कुदळ लागली की तुकडे उडत. घसरपृष्ठे होती, पण त्यांच्यामधली माती गच्च आणि विनाछिद्र. मुळे सांध्यांवर चपटी होऊन पसरली होती, ढेकळांच्या आत शिरलीच नव्हती. मऊ पांढरा चुना काल बराच खाली होता, तो इथे बराच वर आणि भरपूर होता, आणि आम्लाच्या थेंबाने भिंत उकळल्यासारखी फेसाळली. शेतातल्या संचाने घेतलेला खालच्या थराचा सामू (पीएच) साडेआठच्या पुढे गेला.

मग आम्ही दोन पारदर्शक पेले मांडले. ऑस्ट्रेलियात डब्ल्यू. डब्ल्यू. इमर्सन यांनी १९६७ मध्ये मातीच्या कणसमूहांची पाण्यातली वर्तणूक पाहून वर्गवारी सुचवली होती. तिचे हे सोपे रूप. दोन्ही पेल्यांत ऊर्ध्वपातित पाणी, एकात कालच्या खड्ड्यातले वाळलेले ढेकूळ, दुसऱ्यात आजचे, दोन्ही साधारण एकाच खोलीवरची. पाणी शुद्ध असणे आवश्यक असते, कारण खाऱ्या पाण्यातले क्षार चिकणकणांना एकत्र धरून ठेवतात आणि दोष लपतो. कालचे ढेकूळ विरघळून त्याचा चुरा तळाशी बसला, पण वरचे पाणी निवळ राहिले. आजच्या ढेकळाभोवती काही मिनिटांतच दुधट वलय धरले, ते पसरत गेले आणि तासाभरात सगळा पेला गढूळ झाला. तो गढूळपणा संध्याकाळपर्यंत बसला नाही.

याचे कारण सोडियम. चिकणकणांच्या पृष्ठभागावर कॅल्शियमचे प्राबल्य असते तेव्हा कण एकमेकांना धरून राहतात, त्यांच्यात पोकळ्या राहतात आणि पाणी खाली जाते. ती जागा सोडियमने घेतली की ओल्या अवस्थेत कण सुटे होतात, पोकळ्यांत अडकतात आणि निचरा बंद पडतो. पावसाचे पाणी जवळजवळ शुद्ध असल्यामुळे पहिल्याच सरींत हे घडते. काकांनी सांगितलेले मळके पाणी ते हेच, आणि नंतरचे कवचही त्याच सुट्या झालेल्या चिकणीचे. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात. १९५४ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेपासून विनिमयी, म्हणजे चिकणकणांवर बसलेला, सोडियम १५ टक्के ही चोपणाची सीमा मानली जाते. पूर्णा खोऱ्यातल्या अभ्यासांत मात्र ५ टक्क्यांच्या आसपासच निचरा बिघडलेला आणि कापसाचे उत्पन्न घटलेले आढळले आहे, कारण इतक्या जास्त फुगणाऱ्या चिकणीला थोडा सोडियमही पुरतो. म्हणून संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेल्या, मातीतून पाणी वाहण्याची गती हा निकष इथे अधिक विश्वासार्ह वाटतो, आणि त्यासाठी आम्ही माती न विसकटता धातूच्या नळ्यांत भरून घेतली. बाहेरून आणलेल्या सीमारेषेने इथल्या शेतीचे नुकसान मोजले तर बरीच बिघडलेली जमीन चांगली म्हणून नोंदली जाईल, ही माझ्या मते या खोऱ्यापुढची सर्वांत गंभीर तांत्रिक बाब आहे.

पाचवा दिवस : पेढीच्या खोऱ्यात दुर्बिणीने

पूर्णेला मिळणाऱ्या पेढी नदीच्या खोऱ्यात, भातकुलीच्या बाजूला, जायचे कारण मागे झालेला एक अभ्यास. त्यात एकाच सपाट मैदानात किंचित उंच भागांवरची माती चोपण आणि किंचित सखल भागांतली चांगली असे आलटून पालटून आढळले होते. वाचताना हे उलटे वाटते, कारण क्षार सखल जागी साठतात अशी आपली सवयीची समजूत आहे.

उंचवटे डोळ्यांना दिसत नाहीत. उपग्रहीय उंचीच्या आकडेवारीतही ते सापडतील असे नाही : २००० च्या फेब्रुवारीत अवकाशयानातून रडारने घेतलेल्या ज्या उंचीच्या मापनावर अशी बरीच कामे चालतात, त्या मोहिमेचे उद्दिष्टच निरपेक्ष उंचीतली चूक १६ मीटरच्या आत ठेवण्याचे होते. सापेक्ष उंचीत ती आकडेवारी याहून बरी असते, तरी मीटर-दोन मीटरचा उंचवटा, झाडे आणि घरे यांच्या गोंगाटात हरवतो. म्हणून आम्ही सर्वेक्षणाची दुर्बीण आणि मापनपट्टी घेऊन एका सरळ रेषेत, ठराविक अंतरावर वाचने घेत गेलो. एप्रिलच्या उन्हात जमिनीलगतची हवा अशी थरथरते की सकाळी नऊनंतर दूरच्या पट्टीवरचे आकडे वाचवत नाहीत. त्यामुळे पहाटेच सुरुवात केली आणि उरलेला दिवस गिरमिटाने नमुने काढण्यात गेला.

वाचने कागदावर उतरवल्यावर मैदानात मंद लाटा दिसल्या, आणि त्यांच्या माथ्यावरच्या नमुन्यांचे पेले खोलग्यांतल्या नमुन्यांपेक्षा ठळकपणे गढूळ झाले. कार्यकारणभाव असा : उंचवट्यावर पडलेले पाणी थोडे का होईना बाजूला निघून जाते, म्हणून तिथली माती कमी भिजते आणि वर्षातला अधिक काळ कोरडी राहते. कोरड्या मातीत द्रावणातला कॅल्शियम कार्बोनेट होऊन चुनखडीच्या रूपात बाहेर पडतो, आणि उरलेल्या द्रावणात सोडियमचा वाटा वाढतो. तो चिकणीवर बसतो, निचरा घटतो, आणि निचरा घटल्यामुळे पुढच्या पावसाचे पाणी आणखी कमी खोल जाते. म्हणजे खालची माती अजून कोरडी, अजून चुना, अजून सोडियम. हे चक्र एकदा सुरू झाले की आपणहून थांबत नाही. सखल भागात साचलेले पाणी उलट मातीला खोलवर भिजवते आणि चक्र मंद ठेवते.

खड्ड्यातला मऊ पांढरा चुना हा त्याचा दृश्य पुरावा आहे. तो किती वर आला आहे, यावरून माती या मार्गावर किती पुढे गेली ते अंदाजता येते. जिप्सम घालण्याची शिफारस याच रसायनावर उभी आहे : जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला चिकणीवरून हटवतो, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली किंवा बाहेर जावा लागतो. म्हणून चर काढून निचऱ्याची वाट करून दिल्याशिवाय नुसत्या जिप्समचा उपयोग टिकत नाही.

सहावा दिवस : अकोल्यात, आकड्यांसमोर

मातीचे नमुने बांधून, चिठ्ठ्या पडताळून झाल्यावर पावसाची मालिका उघडली. हवामान खात्याची १९०१ पासूनची दैनंदिन पावसाची जाळीबद्ध आकडेवारी पाव अंशाच्या चौकोनांत आहे. एक चौकोन साधारण सत्तावीस किलोमीटरचा. आमचा सगळा छेद अशा दोन-तीन चौकोनांत बसतो, आणि डोंगराचा पाऊस व पायथ्याचा पाऊस एकाच सरासरीत मिसळून जातो. दीर्घकालीन चढउतारासाठी ही मालिका मोलाची आहे. मातीच्या सीमेसाठी महसूल मंडळांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदीच घ्याव्या लागल्या. त्या जोडल्यावर चित्र स्पष्ट झाले : खोऱ्याच्या सपाट भागात पाऊस साधारण सातशे ते नऊशे मिलिमीटर, चार-पंचमांशाहून अधिक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे तो हळूहळू कमी होत जाणारा. वातावरणाची पाणी ओढून घेण्याची वार्षिक क्षमता या पावसाच्या दुपटीच्या आसपास जाते. थॉर्नथ्वेट आणि मॅथर यांच्या १९५५ च्या पद्धतीने महिन्यामहिन्याचा पाण्याचा ताळेबंद मांडला, तर जुलै ते सप्टेंबर एवढीच शिलकीची मुदत निघते. बाकी वर्ष तुटीचे.

या ताळेबंदात एक गृहीतक असते की पडलेला पाऊस मातीत मुरतो आणि तिची साठवणक्षमता भरतो. उत्तरेच्या मातीपुरते ते ठीक आहे. पूर्णाकाठच्या चोपण मातीत मात्र पाऊस तितकाच असूनही खालचा थर भिजतच नाही, आणि पर्जन्यमापकावर जे हवामान आहे, त्याहून कोरडे हवामान त्या मातीच्या आत असते. ज्या भागात पिकाला १२० ते १५० दिवस ओल मिळते असे नकाशा सांगतो, तिथे अशा मातीवरची तूर शेंगा भरताना सुकते. हवामानाचे आकडे मातीच्या छेदाशिवाय वाचले, तर ही तूट कुठेच दिसत नाही. आणि छेद हवामानाशिवाय वाचला, तर चुना वर का चढतो ते कळत नाही.

वर्गीकरणात हवामान भेगांच्या रूपानेही येते. वर्षात एकूण ९० किंवा अधिक दिवस भेगा उघड्या राहत असतील, तर व्हर्टिसॉलच्या उस्टर्ट या उपगणात माती बसते. आमच्याकडे रोजच्या मोजणीची नोंद नव्हती. पण भेटलेल्या शेतकऱ्यांनी भेगा पडण्याचा आणि मिटण्याचा काळ हरभऱ्याच्या घाट्यांपासून मृगाच्या पेरणीपर्यंत असा एकमुखाने सांगितला, आणि तो नव्वद दिवसांच्या बराच पुढे जातो. त्यामुळे उत्तरेचा खड्डा टिपिक हॅप्लुस्टर्ट, म्हणजे त्या उपगणातला नेहमीच्या नमुन्याचा, आणि पूर्णाकाठचा, विनिमयी सोडियम एक मीटरच्या आत १५ टक्के गाठत असल्याचे प्रयोगशाळेने सांगितले तर, सोडिक, म्हणजे सोडियमने बिघडलेला, हॅप्लुस्टर्ट असे तात्पुरते वर्ग मांडले. १५ पेक्षा कमी पण ५ पेक्षा जास्त निघाल्यास वर्गाचे नाव सोडिक होणार नाही. तरीही अशा जमिनी आम्ही नकाशावर स्वतंत्र टप्पा म्हणून दाखवणार आहोत, कारण शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या आधीच बिघडलेल्या आहेत.

उरले ते सीमारेषेचे काम. उत्तरेची सीमा सोपी होती : पायथ्याचे दगडगोटे जिथे दीड मीटरच्या आत लागेनासे होतात तिथे ती आखली, आणि समोच्च रेषा जिथे विरळ होतात त्या जागेशी ती बऱ्यापैकी जुळली. गोड्या काळ्या मातीतून चोपणात शिरण्याची सीमा तशी एका रेघेने आखता येत नाही. १:२,५०,००० प्रमाणावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, आणि पेढीकाठचे उंचवटे-खोलगे त्याहून बारीक आहेत. म्हणून तिथे दोन मातींचा मिश्र घटक दाखवून त्यातले अंदाजी प्रमाण देणे अधिक प्रामाणिक ठरते. ही सीमा आम्ही तुटक रेषेने दाखवली आहे. ऑक्टोबरमध्ये, परतीचा पाऊस थांबल्यावर, त्याच जागांवर गिरमीट लावून ओल किती खोल गेली ते मोजायचे आहे. ज्या ठिकाणी ओल मीटरभर उतरलेली सापडेल ती जागा रेषेच्या उत्तरेला जाईल, जिथे ती अर्ध्यातच थांबलेली असेल ती दक्षिणेला, आणि तोवर प्रयोगशाळेचे सोडियमचे आकडेही हाती आलेले असतील.